डेलावेअरच्या दोन काठांवरचा साप

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

सभाध्यक्ष आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय 'रॅटलस्नेक मारणे : कायदा आणि संवर्धन' असा छापला आहे. न्यू जर्सीत वीस-पंचवीस वर्षे काढूनही आपल्यापैकी बहुतेकांनी शेपटीला खुळखुळा असलेला हा विषारी साप उघड्यावर पाहिलेला नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हा विषय मी कार्यकारिणीकडून मागून घेतला, कारण अकरा वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या सहलीत एक टिंबर रॅटलस्नेक (आपल्या भागातली त्याची जात) मारला गेला. मी तेव्हा तिथे होते. त्या दिवसापासून या सापाबद्दल जे जे वाचता आले ते मी वाचत गेले, आणि वाचता वाचता माझे एक मत पक्के झाले. हा साप मारण्याविषयीचे अमेरिकेतले कायदे वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात, पण या सापाची मादी किती वर्षांनी आणि किती वेळा विते हे एकदा समजले की त्यांतला कोणता कायदा शहाणपणाचा आहे आणि कोणता नाही, हे आपले आपल्यालाच ओळखता येते. ते मत आज आपल्यापुढे मांडायचे आहे, पण आधी सहलीची हकीकत सांगते, कारण तिच्याशिवाय बाकीचे सगळे कोरडे वाटेल.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार होता. आपण बावीस जण किटाटिनीच्या डोंगररांगेत गेलो होतो. नेमका कोणता कडा ते मी सांगणार नाही. हे साप पिढ्यान्पिढ्या एकाच कपारीत हिवाळा काढतात आणि ती कपार एकदा लोकांना कळली की साप पकडून विकणारेही तिथे पोहोचतात, म्हणून या सापांवर काम करणारे लोक जागा उघड करत नाहीत आणि मीही तो नियम पाळते. एवढे सांगते की त्या कड्यावरून खाली डेलावेअर नदीचे वळण दिसते आणि नदीपलीकडचा डोंगर पेनसिल्व्हेनियाचा असतो. नदीचा हा तपशील लक्षात ठेवा, मला पुढे तो लागणार आहे.

आपल्यापैकी एका कुटुंबाकडे कऱ्हाडकडून आजोबा आले होते. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्य ऊसशेतीत गेलेले, आणि चढण चढताना आमच्यातल्या तरुणांपेक्षा त्यांचा दम टिकून होता. माथ्यावर पोहोचल्यावर सगळे डबे उघडून बसले. मी जरा पुढे गेले, तेव्हा एका सपाट, उन्हाने तापलेल्या खडकावर मला ती दिसली. अंग पिवळसर, त्यावर काळपट नागमोडी पट्टे, आणि शेपटीकडचा भाग काळ्या मखमलीसारखा एकसारखा काळा. त्या काळ्या टोकाला खुळखुळा होता, वाळक्या शेंगेसारखा, कड्याकड्यांचा. ती वेटोळे घालून निवांत पडली होती आणि खुळखुळा वाजवत नव्हती. हा साप माणूस दिसताच वाजवायला लागतो अशी आपली समजूत असते, पण बहुतेक वेळा तो स्तब्ध राहून आपण निघून जाण्याची वाट पाहतो.

इथे माझी चूक झाली. हा साप कोणता हे मी ओळखले होते आणि तो संरक्षित आहे हेही मला माहीत होते. मी मुलांना 'या, लांबून बघा' म्हणून बोलावले, पण मोठ्या माणसांना एक शब्दही सांगितला नाही. मुले आली. आजोबांची नात इतरांच्या पुढे जाऊन उकिडवी बसली. आजोबांनी मागून ते पाहिले, आणि मला काही म्हणता येण्याआधी त्यांनी दोन्ही हातांनी उचललेला दगड खाली आला होता. दुसरा दगड टाकायची वेळच आली नाही.

मी काहीतरी ओरडले असेन, कारण त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ताई, लेकरू हातभर अंतरावर हुतं." नंतर मी माझ्या काठीने ते अंतर मोजले. ते जवळजवळ सात फूट होते. रॅटलस्नेकची झेप साधारणपणे त्याच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसते. तो साप सव्वातीन फुटांचा होता, म्हणजे त्याची झेप दीड-पावणेदोन फुटांची. मुलगी सुरक्षित होती. पण हा हिशेब मी खडकावर बसून, काठी हातात घेऊन केला. आजोबांनी त्यांचा हिशेब एका श्वासात केला होता, आणि तो कऱ्हाडच्या उसात शिकलेला होता.

त्यांच्या बाजूने मला इथे बोललेच पाहिजे, कारण त्या दिवशी आपल्यातल्या काही शिकलेल्या माणसांनी त्यांना फार लागेल असे बोलून दाखवले. सन 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मरणाऱ्यांत बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे लोक असतात. घोणस कशी दिसते, अंधारात पाय कसा टाकायचा आणि पोराजवळ साप दिसला तर काय करायचे, हे ज्या माणसाच्या हाडात मुरलेले आहे, त्याला आपण विमानातून उतरवून एका कड्यावर नेले आणि इथे साप वेगळा आहे, वैद्यकीय सोय वेगळी आहे, कायदा वेगळा आहे, यातले काहीही सांगितले नाही. अमेरिकेत दरवर्षी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतले पाचच्या आसपास दगावतात. हा फरक सापाच्या विषापेक्षा दवाखान्याच्या अंतराचा आणि प्रतिविषाच्या उपलब्धतेचा आहे.

आता पुढचे सांगते. ठेचलेल्या अंगातून, पातळ पारदर्शक पडद्यात गुंडाळलेली पिल्ले बाहेर आली. रॅटलस्नेक अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. ती सात होती. प्रत्येकाच्या शेपटीच्या टोकाला बटणाएवढी एकेक कडी होती, ज्यावर पुढे प्रत्येक कातेगणिक एकेक कडी वाढत जाते. त्यांतले एक पिल्लू थोडा वेळ हलत होते. आजोबा वाकून पाहत राहिले आणि मग म्हणाले, "गाभण हुती व्हय?" त्यानंतर ते तिथेच खाली बसले. परतीच्या सबंध वाटेवर ते कुणाशी बोलले नाहीत.

मंडळी, माझ्या सगळ्या भाषणाचा गाभा आजोबांच्या त्या प्रश्नात आहे. गाभण जनावर मारायचे नसते हे त्यांना कुठल्या कायद्याने शिकवलेले नव्हते. गोठा चालवणाऱ्या माणसाला ठाऊक असते की गाभण गाय गेली तर नुकसान एका गायीचे नसते. टिंबर रॅटलस्नेकच्या बाबतीत हे नुकसान किती मोठे असते, ते आपल्या उत्तरेला न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरात विल्यम ब्राउन या संशोधकाने काही दशके एकेका सापाला खूण करून, वर्षानुवर्षे त्याच सापांकडे परत जाऊन दाखवून दिले. तिथल्या थंड प्रदेशात मादी पहिल्यांदा विते ती साधारण नऊ-दहा वर्षांची झाल्यावर. त्यानंतर पुन्हा विण्याएवढी चरबी अंगावर चढायला तिला तीन-चार वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. साप तीस वर्षांहून अधिक जगू शकतो, पण वाटेत शिकारी पक्षी, थंडी आणि मोटारी असतात, त्यामुळे सबंध आयुष्यात तिची वेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होतात.

यात भर म्हणजे, पोटातली पिल्ले वाढायला ऊब लागते, म्हणून गाभण मादी सबंध उन्हाळा झाडीत न जाता उघड्या, तापलेल्या खडकांवर काढते. असे खडक माणसांनाही आवडतात, कारण तिथून देखावा दिसतो. म्हणजे डोंगरावर माणसाच्या नजरेस सगळ्यात सहज पडणारा आणि म्हणून सगळ्यात सहज मारला जाणारा साप नेमका तोच असतो, ज्याच्या मरणाने वस्ती सगळ्यात जास्त खचते.

इथे कोकणातल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगायची आहे, आणि सभाध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले असले तरी ती मी सांगणारच. इंग्रजांच्या अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला इनाम मिळत असे आणि लोकांनी प्रचंड संख्येने फुरशी मारली. तसेच इनाम न्यूयॉर्क राज्यातल्या काही भागांत रॅटलस्नेकवर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होते. फुरसे आजही कोकणात कातळावर, दगडाखाली सर्रास सापडते. टिंबर रॅटलस्नेक मात्र मेन आणि ऱ्होड आयलंड या राज्यांतून आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओतून पुरता नाहीसा झाला, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये आज त्याची एकच वस्ती उरली आहे. इनामाची कल्पना दोन्हीकडे एकच होती. फुरसे लवकर वयात येते आणि मेलेल्यांची जागा पुढच्या काही वर्षांत भरून निघते. रॅटलस्नेकची एक पिढी भरून निघेपर्यंत माणसाचे मूल शाळा संपवते. अर्थात एका सापाला मारण्याचा परिणाम काय होईल, याचे उत्तर सगळ्या सापांसाठी एकच असू शकत नाही, आणि म्हणून सगळ्या सापांसाठी एकच कायदाही असू शकत नाही.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी मी राज्याच्या वन्यजीव विभागाला फोन करून घडलेले सगळे सांगितले. पलीकडच्या बाईंनी मला एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारली : मूल सापापासून किती दूर होते, आणि मुलाला मागे घेता आले असते का? त्या फोननंतरच मी कायदा वाचायला घेतला. आपल्यातल्या एका तरुणाला आठवण म्हणून तो खुळखुळा कापून घरी न्यायचा होता आणि मी त्याला थांबवले होते. संरक्षित प्राण्याचा अवयव बाळगणे हादेखील गुन्हा असतो आणि बेकायदा मिळवलेली अशी वस्तू राज्याबाहेर नेली की 1900 सालचा केंद्रीय लेसी कायदाही लागू होतो, हे मला नंतर कळले.

सभाध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवर छापलेला विषय अजून तसाच आहे, तेव्हा आता भराभर सांगते.

अमेरिकेत वन्यप्राणी ही मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीतली गोष्ट आहे. त्यामुळे 'रॅटलस्नेक मारणे कायदेशीर आहे का' या प्रश्नाला 'कोणता रॅटलस्नेक आणि कुठे' हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. आपल्या न्यू जर्सीत 1973 च्या राज्य कायद्याने सगळेच देशी साप संरक्षित आहेत, विषारी असोत वा बिनविषारी. त्यांना मारणे, पकडणे, त्रास देणे यांतले काहीही चालत नाही. टिंबर रॅटलस्नेक तर 1979 पासून इथे संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

आता ती नदी आठवा. डेलावेअर ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की हाच साप, हाच डोंगर, पण कायदा वेगळा. तिथे सरपटणारे प्राणी मासे व नौका आयोगाच्या अखत्यारीत येतात आणि आयोगाचा परवाना काढलेल्या माणसाला जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच्या हंगामात वर्षाला एक टिंबर रॅटलस्नेक घेता येतो. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला संताप आला होता. मग अटी वाचल्या. साप किमान 42 इंच लांब हवा आणि त्याच्या शेपटीखाली किमान 21 खवले हवेत. खवल्यांची अट कशासाठी? नराची शेपटी मादीपेक्षा लांब असते, म्हणून तिच्याखालचे खवलेही जास्त असतात. म्हणजे ज्याला साप न्यायचा आहे त्याने आधी तो नर असल्याची खात्री करायची आणि मादी असेल तर सोडून द्यायची. आजोबांनी खडकावर विचारलेला प्रश्न त्या राज्याने नियमात लिहून ठेवला आहे. पेनसिल्व्हेनियात हा साप आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, म्हणून तिथे मोजून-मापून सूट देता येते. आपल्याकडे मोजक्या वस्त्या उरल्या आहेत, म्हणून देता येत नाही. दोन्ही काठांवरचे कायदे मला आज बरोबर वाटतात.

ज्यांनी फोनवर शोधून पाहिले असेल त्यांना एक शंका येईल, कारण आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत टिंबर रॅटलस्नेक 'सर्वात कमी चिंतेचा' असा नोंदलेला आहे. ते खरे आहे, पण ती यादी जातीचा सबंध प्रदेश पाहते. राज्याची यादी आपल्या हद्दीतला साप पाहते. केंद्रीय संकटग्रस्त प्रजाती कायदा 1973 चा आहे. त्यात टिंबर रॅटलस्नेक नाही, पण न्यू मेक्सिकोकडचा रिज-नोझ्ड रॅटलस्नेक 1978 पासून आणि पूर्वेकडचा मॅसासॉगा रॅटलस्नेक 2016 पासून धोक्यात असलेले म्हणून त्यात आहेत. स्वतःला किंवा कुटुंबीयाला इजेपासून वाचवण्यासाठी, प्रामाणिक समजुतीने केलेल्या कृत्याला हा कायदा बचाव मानतो. भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही कलम 11 मध्ये सद्भावनेने केलेल्या स्वसंरक्षणाची तशीच तरतूद आहे. फोनवरच्या बाई तीन वेळा अंतर का विचारत होत्या, ते यावरून लक्षात येईल.

'मारणे' या शब्दाची व्याप्ती किती असू शकते, याचे एक उदाहरण सांगते. न्यूयॉर्कमधल्या फिशकिलजवळ एका खाणमालकाच्या जमिनीलगत या सापांचे हिवाळी बीळ सापडले, तेव्हा त्याने साप आपल्या जागेत येऊ नयेत म्हणून जाळीचे लांबलचक कुंपण घातले. कुणी दगड उचलला नव्हता. तरी 2000 साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले की सापांना त्यांच्या उन्हाळी रानापासून तोडणे हेही त्या राज्याच्या कायद्याने निषिद्ध कृत्य ठरते, आणि कुंपण काढण्याचा आदेश कायम राहिला.

टेक्ससचा उल्लेख टाळता येत नाही. तिथे स्वीटवॉटर गावी 1958 पासून दर मार्चमध्ये रॅटलस्नेक गोळा करून मारण्याचा उत्सव भरतो. साप वेस्टर्न डायमंडबॅक असतो, तो जात म्हणून धोक्यात नाही, शिकारीचा परवाना असला की मारण्यावर संख्येची मर्यादा नाही. माझा आक्षेप मारण्यापेक्षा पद्धतीवर आहे. बिळांत पेट्रोलची वाफ सोडून साप बाहेर काढले जातात आणि त्या वाफेत बिळातले इतर सगळे जीवही सापडतात. ही पद्धत बंद करण्याचा प्रस्ताव त्या राज्याच्या वन्यजीव विभागापुढे आला आणि बारगळला. जॉर्जियात मात्र क्लॅक्स्टन गावाने 2012 साली असाच उत्सव साप न मारणाऱ्या वन्यजीव महोत्सवात बदलला, व्हिगमनेही दहा वर्षांनी तेच केले, आणि गावांची जत्रा तशीच भरत राहिली. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कशी बदलली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या गावांची घालमेल समजेल. अ‍ॅरिझोनाने चार दुर्मिळ जाती पूर्ण बंद ठेवून बाकीच्या परवान्यावर, ठरावीक संख्येपुरत्या खुल्या ठेवल्या आहेत. मला ती वाट विचार करण्याजोगी वाटते.

शेवटी मॅसॅच्युसेट्स. तिथल्या वन्यजीव विभागाने क्वाबिन जलाशयातल्या माउंट झायन या निर्मनुष्य बेटावर टिंबर रॅटलस्नेकची नवी वस्ती वसवायचे ठरवले होते. लोक घाबरले, साप पोहून काठावर येतील म्हणाले, आणि 2017 साली योजना सोडून द्यावी लागली. संरक्षणाचा कायदा हजर होता, तज्ज्ञ तयार होते, बेटही होते. मला त्या बातमीने जितके वाईट वाटले तितके टेक्ससच्या बातम्यांनी वाटले नाही.

घंटा झाली. एक सूचना देऊन थांबते. सहलसमितीने आणि मी यंदाची वाट बदलली आहे. पिल्ले ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जन्मतात, म्हणून तोवर उघड्या खडकांचा तो माथा आपण टाळणार आहोत आणि खालच्या ओढ्याकडून जाणार आहोत. निघण्यापूर्वी गाड्यांपाशी दहा मिनिटे थांबून साप दिसला तर काय करायचे ते मी मराठीत सांगेन. भारतातून आलेल्या आईवडिलांना त्या वेळी अवश्य पुढे उभे करा. नोंदणीची वही बाहेर चहाच्या टेबलावर आहे.